चावलेल्या कानाचा बैल

आषाढ लागला की बंडूजी सुतारांच्या ओसरीवर लाकूड तासणाऱ्या वाकसाचे ठोके सुरू होत, ते तान्ह्या पोळ्याच्या सकाळपर्यंत थांबत नसत. पोळ्याला शेतकऱ्यांचे बैल मिरवतात आणि दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लेकरांचे. लेकरांचे बैल लाकडी, पायाखाली चाकं, शिंगांना बेगड. सिंदी रेल्वे गावात ज्या घरी लेकरू त्या घरी बंडूजींच्या हातचा बैल, असं कितीतरी वर्षं चाललं होतं. बंडूजींना त्याचा ताठाही होता. कुणी फार घासाघीस केली तर ते बैल उचलून आत ठेवून देत आणि गिऱ्हाइकाच्या लेकराला गुळाचा खडा देऊन वाटेला लावत.

पण बाजारात फायबरचे बैल आले. चकचकीत, वजनाला हलके, पोटाखालचं बटण दाबलं की हंबरणारे. लेकरांनी एकदा ते हंबरणं ऐकलं आणि मग लाकडी बैलाकडे कोण बघतो? गेल्या पोळ्याला बंडूजींचे निम्मे बैल फळीवरच राहिले. हंबरू दे बाप्पा, पावसानं घसा बसन त्याचा, असं म्हणून त्यांनी ते हसण्यावारी नेलं. यंदा मात्र आषाढ लागला तरी वाकस खुंटीवरून उतरला नाही. त्यांची बायको कौशल्याबाई फळीवरच्या बैलांची धूळ पुसत राहत. मुलगा योगेंद्र सेलूला हार्डवेअरच्या दुकानात कामाला होता. तो तोंडावर बोलला, की बाबा, लाकडाचा जमाना गेला, आता हे बंद करा.

बंद करू नका म्हणाली ती एकटी रक्षा, योगेंद्रची बायको. पोरीचं लग्न होऊन या घरात यायला फार दिवस झाले नव्हते, पण जीव लावायची तिला सवय होती. बचत गटाच्या बायांसाठी सिंदी मेघेला एक प्रशिक्षण निघालं होतं. मोबाइलवरून धंदा कसा वाढवायचा, ते शिकवणारं. रक्षा सकाळच्या गाडीनं जायची, संध्याकाळी यायची आणि तिथं शिकवणाऱ्या समीक्षा मॅडमनी काय काय सांगितलं ते भाकरी थापता थापता सगळ्यांना ऐकवायची. फोटो सकाळच्या उजेडात काढायचा. मागे पसारा दिसू द्यायचा नाही. वस्तूसोबत माणसाचा हात दिसला पाहिजे. कुणी विचारलं तर लगेच उत्तर द्यायचं आणि कुणी वाकडं लिहिलं तरी भांडायचं नाही. आणि नुसती वस्तू दाखवायची नाही, तिची गोष्ट सांगायची.

तिनं फळीवरचे बैल ओसरीत मांडले, बंडूजींना बाजूला बसवलं आणि फोटो टाकले. इन्स्टाग्रामवर पान काढलं, व्हॉट्सॲपवर दुकान मांडलं. बंडूजी वाकस हातात धरून, मान सांगितली तिकडे वळवून बसले, लग्नातल्या नवरदेवासारखे. आठवडा गेला. फोटो आवडल्याचं कळवणाऱ्या सगळ्या रक्षाच्या मावश्याच निघाल्या.

मग एका दुपारी कौशल्याबाई तूर निवडत बसल्या होत्या. देवघराच्या शेजारच्या कोनाड्यात एक लहानसा बैल असे. रंग उडालेला, हात लागून लागून गुळगुळीत झालेला, डावा कान चावून चावून खडबडीत. घरात त्याला कुणी हलवत नसे. रक्षानं सहज विचारलं, आई, हा कोणाचा?

कौशल्याबाईंचा हात सुपातच राहिला. मग त्या सांगू लागल्या, आणि सांगतच राहिल्या. योगेंद्रच्या पाठीवरचा धीरज. दात यायच्या वयात बापानं त्याला हा बैल करून दिला, तर पोट्ट्यानं ओढायचा सोडून चावायला घेतला. दात आले तरी सवय सुटली नाही. झोपताना कान तोंडात लागायचा. मग एका भादव्यात ताप आला तो डोक्यात गेला. दवाखान्याच्या खाटेवरही बैल उशाशी होता. शाळेत नाव घालायचं तेवढं राहून गेलं.

रक्षा रडली. खरंच रडली, दाखवायला नाही. रडता रडताच तिनं विचारलं, की आई, हे मी लिहू का? कौशल्याबाईंनी लिही म्हटलं. सकाळच्या उजेडात तिनं कोनाड्यातला बैल ओसरीच्या पायरीवर ठेवला, सासूचा सुरकुतलेला हात त्याच्या पाठीवर ठेवला, फोटो काढला आणि खाली धीरजची गोष्ट लिहिली. बंडूजी तेव्हा बाजारात गेलेले होते. त्यांना कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रक्षाचा फोन वाजायचा थांबेना. पुणे, नाशिक, हैदराबाद, कुठून कुठून. लोकांनी धीरजला नमस्कार लिहिले, दिव्यांची आणि जोडलेल्या हातांची चित्रं टाकली. आणि सगळ्यांना बैल हवा होता. फळीवरचा नको. तो हवा होता, कान चावलेला.

योगेंद्रला हे बापाला सांगायचं जिवावर आलं. जेवणं झाल्यावर, ताटात हात वाळेपर्यंत बसून त्यानं सांगितलं. तसाच बैल, तसाच जुना दिसणारा, कानाला तशाच दाताच्या खुणा. एवढा सीझन निघाला तर मग पुढं फायबरवाल्यांकडे बघायचंही काम नाही.

"माह्या पोराचे दात मी खोदू काय?" बंडूजी म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

कौशल्याबाई मागून गेल्या. दोघं नवराबायको बाजेवर बसले. या बाईनं आयुष्यात नवऱ्याजवळ काही मागितलेलं बंडूजींना आठवत नव्हतं. त्या खाली मान घालूनच बोलल्या.

"इतके वर्स झाले, या घरात त्याचं नाव कोणी घेत नाई. तुमी नाई, योगेंद्र नाई. मी एकटीच मनात घेत राह्यते. आता कुठकुठचे लोक घेऊन राह्यले. घेऊ द्या ना."

आपण पोराचं नाव गिळून टाकलं ते बायकोला बरं वाटावं म्हणून, असं बंडूजी इतकी वर्षं समजत होते. सकाळी त्यांनी वाकस खुंटीवरून काढला.

आंब्याचं लाकूड आणलं. ओंडका फोडला, पाठ काढली, पोट गोल केलं, रंधा मारला. हात आपोआप चालत होता. वयाप्रमाणे खांदा दुखायचा, गुडघा धरायचा, पण ते दुखणं ओळखीचं होतं. पहिला बैल कानापर्यंत आला आणि मग हात थांबला. पटाशीनं खुणा करून पाहिल्या. त्या पटाशीच्याच दिसत. टोच्यानं करून पाहिल्या, तर कीड लागल्यासारख्या दिसत. शेवटी त्यांनी कौशल्याबाईंना कोनाड्यातला बैल मागितला.

कितीतरी वर्षांनी त्यांनी तो हातात घेतला. चष्मा लावला आणि कान उजेडाकडे धरला. वरचे दात, खालचे दात, एकावर एक उमटलेले. खुणेत अंगठ्याचं नख बसत होतं. बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं की वरचा एक दात जरा आडवा होता. प्रत्येक ठिकाणी तो तसाच आडवा उमटला होता. पोराचं हसणं त्यांना आठवे, चालणं आठवे, ताप चढल्यावर फिरलेले डोळे तर रोज आठवत. पण दात आडवा होता हे ते विसरून गेले होते. बापानं विसरावं असं ते नव्हतं.

त्यांनी खिळे घेतले. कानशीनं त्यांची टोकं चपटी केली, कडा गोल केल्या आणि एका लाकडी मुठीत ओळीनं ठोकले. एक खिळा आडवा बसवला. कान पाण्यानं ओला करून त्यावर ती मूठ ठेवली आणि वरून मोगरीचा एक ठोका दिला. हुबेहूब उमटले. बंडूजींनी आयुष्यभरात नाना हत्यारं घरीच केली होती, आणि प्रत्येक नवं हत्यार ते कौतुकानं योगेंद्रला दाखवत. हे मात्र त्यांनी काम झालं की धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवायला सुरुवात केली.

मग श्रावणभर घराला उसंत नव्हती. पाऊस लागला होता, लाकूड ओलंच मिळत होतं, वाळवायला सवड नव्हती. बैल घडला की रक्षा त्याला चहाच्या पाण्यानं माखी, कौशल्याबाई चुलीच्या धुरावर धरत, मग तेल आणि काजळीचा हात फिरवून पदरानं घासघासून गुळगुळीत करत. घासताना त्या गुणगुणत. धीरजला निजवताना म्हणत तेच. योगेंद्रनं दुकानातून सुट्टी काढली आणि तोही कानशी मारायला बसला. रोज सकाळी रक्षा कोनाड्यातला बैल बाहेर आणून मोबाइलसमोर ठेवी, लोकांशी बोले, संध्याकाळी कौशल्याबाई तो परत नेऊन ठेवत.

मोबाइलवरून लोक बंडूजींशीही बोलत. एका बाईला ते सदऱ्यात नको होते, उघड्या अंगानं काम करताना हवे होते. ते जास्त खरं वाटेल, असं तिचं म्हणणं. रक्षा ओशाळली. बंडूजींनी मुकाट्यानं सदरा काढून खुंटीला टांगला. छातीवरचे पांढरे केस आणि बरगड्या दिसू लागल्या. बाईनं विचारलं, की मुलाची आठवण आली की बाबा काय करता? बंडूजींनी बैलाच्या कानावर मूठ ठेवून ठोका दिला. ते पाहून लोकांनी आणखी दिवे लावले.

ओसरीवर बैलांची रांग वाढत गेली, सगळ्यांचे डावे कान चावलेले. बंडूजींना त्या रांगेकडे पाहवेना. ते भिंतीकडे तोंड करून काम करत. झालेला बैल न बघताच मागे ठेवून देत. घरातली माणसं खूश होती, कौशल्याबाईंच्या अंगावर कधी नव्हे ते तेज आलं होतं, त्यामुळे आपल्याला काय होतंय हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

पोळा जवळ आला आणि पार्सलांची घाई झाली. त्या दिवशी कुरिअरची गाडी वेळेआधीच येऊन दारात हॉर्न वाजवू लागली. कौशल्याबाई नळावर पाणी भरायला गेल्या होत्या. रक्षा पत्ते चिकटवत होती, योगेंद्र खोक्यात तणस कोंबत होता आणि बंडूजी रांगेतले बैल उचलून एकेक त्याच्या हातात देत होते. मान भिंतीकडे वळवून, हातानं चाचपून. रांग संपली, गाडी गेली, ओसरी एकदम मोकळी झाली. बंडूजींना बरं वाटलं. त्यांनी रक्षाला चहा टाकायला सांगितला.

दिवेलागणीला कौशल्याबाई कोनाड्यापाशी गेल्या आणि परत ओसरीत आल्या. त्यांनी ओसरी पाहिली, फळी पाहिली, लाकडाच्या छिलक्यांचा ढीग हातानं उपसला.

"माहा बैल कुठं हाय?"

रक्षानं सकाळी तो मोबाइलसमोर ठेवला होता आणि बोलणं झाल्यावर रांगेच्या टोकाला टेकवला होता. ते तिला आता आठवलं. बंडूजी आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिले. त्याच हातांनी त्यांनी तो उचलून दिला होता. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड, हातात येताच कळायला हवं होतं. पण घाई होती, दाराशी हॉर्न वाजत होता, आणि हातांना तर त्या दिवसांत काहीच कळून घ्यायचं नव्हतं.

योगेंद्र कुरिअरच्या ऑफिसात धावला. पार्सलं तिथून नागपूरला आणि नागपूरहून चहूकडे निघून गेली होती. मग रक्षानं एकेका गिऱ्हाइकाला फोन लावले. झालेली चूक सांगितली, हात जोडले, बदली बैल पाठवते म्हणाली, तेवढा एक परत द्या. गिऱ्हाइकं भली होती. सगळ्यांनी आपापला बैल नीट पाहिला आणि जवळजवळ सगळेच म्हणाले, की अस्सल तो आमच्याकडेच आलाय.

असं का होणार नाही? प्रत्येकानं तो अस्सल समजूनच तर घेतला होता. पुण्याच्या एका बाईनं लिहिलं, की माझी मुलगी त्याला कुशीत घेतल्याशिवाय झोपत नाही, हा धीरजचाच आहे हे मला आतून कळतं, कृपा करून मागू नका. एकानं आणखी किंमत देऊ केली. फोटो येत राहिले. योगेंद्र ते बोटांनी मोठे करून बापासमोर धरी. बंडूजी चष्मा पुसून पुसून पाहत. आडवा दात सगळ्या कानांवर होता. त्यांनीच तो इतका नीट बसवला होता. फोटोला वजन नसतं, वास नसतो. ते मान हलवत आणि योगेंद्र पुढचा फोटो लावी.

शेवटी रक्षानं पानावरच सगळं लिहून टाकलं. ते वाचून लोक हळहळले, आणि ज्यांनी बैल घेतला नव्हता त्यांनाही तो हवासा झाला. न जाणो, खरा आपल्याच वाट्याला यायचा. कुणीतरी लिहिलं, मार्केटिंगला काय डोकं लावलंय, मानलं. समीक्षा मॅडमचा फोन आला. त्यांना खरं काय ते ठाऊक नव्हतं. त्यांनी अभिनंदन केलं आणि पुढच्या बॅचच्या बायांसमोर बोलायला ये म्हणाल्या. रक्षानं फोन ठेवला आणि ती न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. तिनं ते लिहिलेलं काढून टाकलं. पण तोवर ते लोकांनी आपापल्या पानांवर लावलं होतं.

कौशल्याबाईंनी कुणाला बोल लावला नाही. त्या आल्यागेल्याचं करत, भाकरी टाकत, पण जेवायला बसल्या की घास हातातच राही. कोनाड्यातला दिवा त्या लावत नव्हत्या. बंडूजींना वाटे, हिनं एकदा भांडावं, आपल्याला वाट्टेल ते बोलावं. तेवढंही त्यांच्या नशिबी आलं नाही.

"मामाजी, माह्यामुळं झालं हे," रक्षा एकदा सासऱ्याला म्हणाली.

"तुह्यामुळं नाई, पोरी," बंडूजी म्हणाले. "तू त्याचं नाव तरी बाहेर काढलं. मी तर उचलून देऊन टाकला."

पोळ्याच्या दिवशी, गावातले बैल तोरणाखाली जायच्या वेळेला, एक खोकं परत आलं. नाशिकच्या गिऱ्हाइकानं लिहिलं होतं, फोटोतल्यासारखा नाही, दातांच्या खुणा बनावट वाटतात, परत घ्या. योगेंद्र वाचून झाल्यावर बापाकडे बघू लागला. दोघांच्या मनात एकच आलं. शहरातल्या माणसाला काय कळतं, त्यानं खऱ्यालाच खोटा म्हणून परत धाडला असला तर?

कौशल्याबाईंनी खोकं आपल्याकडे ओढलं. तणस बाजूला केलं. बैल काढला, पाठीवरून हात फिरवला, कान ओठांना लावला. त्यांचे डोळे भरून आले आणि चेहरा असा उजळला की तसा तो बंडूजींनी धीरजच्या बारशानंतर पाहिला नव्हता.

"आला," त्या म्हणाल्या. "पाहा ना, माहा बैल आला. हाच हाय ना?"

त्यांनी तो नवऱ्याच्या हातात दिला. बंडूजींना पाहायची गरजच पडली नाही. बैल जड होता. श्रावणातलं ओलं लाकूड, आतून अजून न वाळलेलं. काजळीखाली ताज्या आंब्याचा वास येत होता. नाशिकच्या माणसाचं खरं होतं. धीरजचा बैल कुठल्या तरी परक्या घरात होता, कुण्या लेकराच्या उशाशी, आणि तो आता परत यायचा नव्हता.

कौशल्याबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. योगेंद्रही बघत होता.

"हव," बंडूजी म्हणाले. "हाच हाय."

त्यांच्या आवाजावरून योगेंद्रला कळलं आणि तो उठून आत गेला. रक्षाला कळलं नाही. तिनं आनंदानं मोबाइल उचलला, लोकांना सांगायला. बंडूजींनी तिच्या हातावर हात ठेवला आणि नको म्हणून मान हलवली. कौशल्याबाईंनी कोनाडा सारवला, दिवा लावला आणि त्या रात्री पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्ल्यागल्ल्यांतून लेकरं आपापले बैल ओढत निघाली. फायबरचे बैल हंबरत होते, त्यांच्यात लाकडीही होते. कौशल्याबाईंनी बैलाला हळदकुंकू लावलं, शिंगांना बेगड लावली, गळ्यात दोरी बांधली आणि ती नवऱ्याच्या हातात दिली. घर सोडून हा बैल इतकी वर्षं कुठं गेला नाही म्हणूनच हरवला, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. यंदा त्याला मिरवून आणायचं.

बंडूजींनी टोपी घातली आणि लेकरांच्या मागून चालू लागले. मागे चाकं कुरकुरत होती. म्हातारा सुतार बैल ओढताना पाहून लेकरं हसली आणि मग त्यांनी त्याला आपल्यात घेतलं. एका दारात कुण्या बाईनं लेकरांना, बैल दारात आणल्याचा बोजारा म्हणून, खाऊ वाटला. तिनं बंडूजींच्या हातावरही ठेवला, त्यांनी तो मुठीत धरला. कौशल्याबाई थोड्या मागून येत होत्या. वाटेत भेटेल त्याला थांबवून त्या सांगत होत्या, की आमच्या धीरजचा बैल हाय, हरवला होता, आता घरी आला. बंडूजी दोरी धरून पुढे चालत राहिले. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.